पोळी सोडायच्या आधी ताटाची मधली जागा मोजा

तुमचं म्हणणं मला नीट कळलंय का ते आधी बघा. वय ३८, राहायला कोथरूडला, नोकरी हिंजवडीत, उंची ५ फूट ७ इंच, वजन ९१ किलो, एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ६.०, तुम्हाला गोळ्या कुठल्याच नाहीत, शाकाहारी पण अंडी चालतात. जानेवारीत व्हिडिओ बघून कीटो (कार्ब्ज, म्हणजे पिष्ट आणि साखर, जवळजवळ बंद करायचा आहार) सुरू केलं, डोकं दुखायला लागलं, अकराव्या दिवशी सोसायटीच्या गेटबाहेर उभं राहून दोन वडापाव खाल्ले आणि विषय संपला. आता परत लो-कार्ब करायचंय, पोळी-भात पूर्ण बंद करू का, किती ग्रॅमवर राहू, आणि बाबांना शुगरच्या गोळ्या चालू आहेत तेही तुमच्याबरोबर करू म्हणतायत.

बाबांपासून सुरुवात करते कारण घाई तिथे आहे. बाबांनी सोमवारपासून तुमच्याबरोबर सुरू करायचं नाही. कधीच नाही असं म्हणत नाहीये, उलट डायबिटीसमध्ये कार्ब्ज कमी केल्याचा फायदा बऱ्याच जणांना होतो, पण आधी त्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, गोळ्यांची चिठ्ठी समोर ठेवायची आणि सांगायचं की मी पोळी-भात निम्म्यावर आणणार आहे, डोस बदलायचा का. कारण ग्लिमेपिराइडसारखी गोळी तुम्ही काय खाल्लं ते बघत नाही, ती स्वादुपिंडाला ढकलून इन्शुलिन काढायला लावतेच. खाणं निम्मं आणि गोळी तेवढीच, म्हणजे शुगर धाडकन खाली. माझ्याकडच्या एका काकूंचा एकदा संध्याकाळी पाचला फोन आला की मिस्टरांना दरदरून घाम फुटलाय, हात थरथरतायत, काहीतरी असंबद्ध बोलतायत. काकांनी तीन दिवसांपूर्वी कुणाचं तरी ऐकून भात-पोळी बंद केली होती, गोळी मात्र अगदी नेमाने घेत होते. साखर-पाणी दिल्यावर पंधरा मिनिटांत माणूस ठीक झाला, पण हे गाडी चालवताना झालं असतं तर काय! इन्शुलिन घेणाऱ्यांना हा धोका आणखी जास्त.

दुसरं म्हणजे चिठ्ठीत एखाद्या औषधाच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतंय का ते बघा, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे. ब्रँडचं नाव वेगळं असेल, खाली बारीक अक्षरात मूळ नाव छापलेलं असतं ते वाचा. या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात. त्यांच्यावर असताना कार्ब्ज एकदम तोडले तर रक्तात आम्ल साठायचा धोका असतो, आणि यातली गोम अशी की त्या वेळी शुगर फारशी वाढलेली दिसतच नाही, म्हणजे घरच्या मशीनवर आकडा बरा दिसतो आणि माणूस मात्र उलट्या, पोटदुखी, धाप लागणं यांनी हैराण. असं झालं तर लिंबूपाणी देत घरी बसायचं नाही, थेट हॉस्पिटल. बीपीच्या गोळ्या असतील तर त्याही सांगा, कार्ब्ज कमी केले की बीपी उतरतं आणि उठताना चक्कर येते. किडनीचा त्रास असलेले, टाइप वन डायबिटीसवाले, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, यांनी तर स्वतःच्या मनाने हा प्रयोग करूच नये.

आता तुमचं.

ढोबळमानाने दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कार्ब्ज आले की त्याला लो-कार्ब म्हणतात, आणि २० ते ५० ग्रॅमच्या पट्ट्यात उतरलात की कीटो. जानेवारीत तुम्ही थेट तळमजल्यावर उडी मारलीत. कीटो मुळात वजनासाठी निघालेला आहारच नाही, १९२१ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तो फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी सुचवला होता. तुम्हाला फिट्स येत नाहीत, तुम्हाला पोट कमी करायचंय, त्यासाठी १०० ते १३० ग्रॅम भरपूर झालं. गेली सतरा वर्षं मी लोकांना आहार ठरवून द्यायचं हेच काम करतेय, २० ग्रॅमवाले मार्चपर्यंत दिसत नाहीत, १२० वाले पुढच्या दिवाळीला फराळाबद्दल भांडायला येतात. मला दुसरे आवडतात.

पण १२० म्हणजे किती हे कळायला आधी आत्ता किती चाललंय ते माहीत हवं ना. तुम्ही दिवसभराचं जे लिहून पाठवलंय त्याची बेरीज मी केली. सकाळी दोन चमचे साखरेचा चहा म्हणजे १० ग्रॅम, त्याबरोबर चार मारी बिस्किटं म्हणजे साधारण १७, नाश्त्याला पोहे ६०, ऑफिसात अकराचा चहा १० (मशीनच्या चहात साखर प्रिमिक्समध्येच असते बरं का, 'मी वरून घेत नाही' याला अर्थ नाही), डब्यात चार पोळ्या ९५ आणि बटाट्याची भाजी २०, संध्याकाळी परत चहा आणि सँडविच मिळून ४०, रात्री दोन पोळ्या ५०, भात ४०, वरण १५. झाले साडेतीनशेच्या वर. आणि यात एकही गोड पदार्थ नाही, 'मी गोड खातच नाही' हे तुमचं वाक्य अगदी खरंय. आपल्याकडे बहुतेकांच्या ताटात ६० टक्क्यांच्या आसपास किंवा जास्तच कॅलरीज कार्ब्जमधून येतात, त्यातला मोठा वाटा पांढरा भात, गव्हाचं पीठ आणि साखर. तुम्ही काही वेगळे नाही.

पोह्यांचे ६० कसे, असं तुम्ही विचारणारच. एक रिटायर्ड काका यायचे माझ्याकडे, म्हणायचे मी नाश्त्याला वाटीभर पोहे खातो फक्त. वजन काही हलेना. शेवटी मी म्हटलं, उद्या ती वाटी घेऊन या. दुसऱ्या दिवशी पिशवीतून त्यांनी काढला तो चक्क स्टीलचा कुंडा, आमटी काढायचा असतो ना, तसला. आमच्या किचनच्या काट्यावर ठेवून त्यांच्या खुणेपर्यंत कोरडे पोहे घातले तर ८० ग्रॅम भरले. शंभर ग्रॅम पोह्यात ७७ ग्रॅम कार्ब्ज असतात, म्हणजे त्या 'वाटीत' साठ-एकसष्ट ग्रॅम, वर बटाटा घातला असेल तो वेगळा. काका बराच वेळ काट्याकडे बघत बसले, मग म्हणाले, हिला सांगू नका, ती म्हणेल मी म्हणतच होते.

म्हणून तुमचा पहिला आठवडा असा की काहीही सोडायचं नाही. खरंच काही नाही. किचनचा एक डिजिटल काटा घ्या, चार-पाचशे रुपयांत येतो, आणि तीन दिवस, त्यातला एक रविवार, जे खाताय ते तसंच खा फक्त मोजून लिहा. एक फुलका २५ ते ३० ग्रॅम पिठाचा असेल तर १८ ते २० ग्रॅम कार्ब्ज, घडीची मोठी पोळी असेल तर २४-२५, शिजलेला भात १५० ग्रॅमची वाटी म्हणजे ४० च्या आसपास, साखरेचा चमचा ५. एवढे आकडे पाठ झाले की ऐंशी टक्के काम झालं, ॲपबिप लागत नाही.

दुसऱ्या आठवड्यातही पोळी सोडायची नाहीये, आधी प्रोटीन वाढवायचं. हे लोक उलटं करतात आणि तिथेच फसतात. चारच्या दोन पोळ्या केल्या, बाकी ताट तेवढंच, मग साडेपाचला जी भूक लागते ती समोर दिसेल त्याच्यावर तुटून पडते आणि दोष जातो इच्छाशक्तीला. तुम्हाला दिवसाला साधारण ७५ ग्रॅम प्रोटीन हवं, आत्ता तुम्ही पंचेचाळीसच्या आसपास असाल. एका अंड्यात ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८, सोयाबीनच्या कोरड्या वड्या शंभर ग्रॅम घेतल्या तर ५० च्या वर, पण त्या शंभर ग्रॅम कुणी खात नाही, ३० ग्रॅमची भाजी पुरते. दही वाटीभर ५-६.

आता डाळ. यावर मी रोज कुणाशी ना कुणाशी वाद घालते. 'आम्ही व्हेज आहोत पण डाळ खातो ना, प्रोटीन मिळतंच.' मिळतं, पण काय भावात मिळतं ते बघा. वाटीभर वरणात तीसेक ग्रॅम कोरडी डाळ असते, घट्ट असेल तर, त्यात प्रोटीन ७ ग्रॅम आणि कार्ब्ज १८. एक रुपयाच्या वस्तूबरोबर अडीच रुपयांची वस्तू घ्यावीच लागते असं ते दुकान आहे. डाळ वाईट नाही, फायबर असतं, पोट भरतं, मटकीची उसळ तर मी प्रत्येकाला सांगते, पण डाळ-भात, डाळ-पोळी असं दोन्हीकडून कार्ब्ज घेऊन त्याला प्रोटीनचं जेवण म्हणायचं नाही. उसळ घेतली तर तीच मुख्य, एक फुलका शेजारी, भात नाही. पिठलं तसंच, वाटीभर पिठल्यात पंधराएक ग्रॅम कार्ब्ज येतात, ते चमच्याने खा, भाकरी अर्धी. पिठलं चमच्याने खाणं हा काहींना अपमान वाटतो, मला माहितीये.

भाकरीवरून आठवलं. गहू बंद करून ज्वारीवर आलात तर लो-कार्ब होत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, गहू, सगळ्यांच्या पिठात शंभराला ६० ते ७० च्या घरात कार्ब्ज आहेत, थोडं इकडे तिकडे. फायबर वेगळं, खनिजं वेगळी, भाकरी सावकाश पचते, हे सगळं मान्य. पण एक भाकरी ६० ग्रॅम पिठाची होते आणि फुलका २५ चा, म्हणजे एका भाकरीत दोन फुलके बसलेत हे कुणी मोजत नाही. मल्टिग्रेन, ब्राऊन राइस, साखरेऐवजी गूळ, त्यांचंही तेच. गूळ म्हणजे साखरच, फक्त रंग सोज्वळ.

तिसऱ्या आठवड्यात मग पोळीला हात लावायचा. आपलं वाढलेलं ताट डोळ्यासमोर आणा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, आणि मधली सगळी जागा पोळीची आणि भाताची. कोशिंबीर किती तर चमचाभर, चवीपुरती. आपण काय करायचं, कोशिंबिरीची वाटी करायची, भाजीच्या दोन वाट्या करायच्या, उजवीकडे पनीर, अंडी, उसळ, दही यातलं एक ठसठशीत ठेवायचं, आणि मग मध्ये जी जागा उरेल त्यात पोळी. दोन फुलके बसतात तेवढ्यात. तुमच्या दिवसात ते असं दिसेल: सकाळी तीन अंड्यांचं ऑम्लेट भरपूर कांदा-टोमॅटो-कोथिंबीर घालून आणि बिनसाखरेचा चहा, डब्यात दोन फुलके, दुप्पट भाजी, शंभर ग्रॅम पनीर नुसतं तव्यावर परतलेलं, काकडी, ताक, संध्याकाळी मूठभर शेंगदाणे, रात्री मुगाची दोन धिरडी, दुधी नाहीतर फ्लॉवरची भाजी, दही. बेरीज केलीत तर कार्ब्ज १२० च्या आसपास आणि प्रोटीन सत्तरच्या वर जातं. पालेभाज्या सगळ्या चालतात, मेथी, शेपू, चाकवत, तांदुळजा, शिवाय दोडका, पडवळ, कारली, भेंडी, वांगी, कोबी, गवार, घेवडा. बटाटा, रताळं, मटार, बीट मोजून. मंडईत एक फेरी मारलीत तर महिनाभर भाजी रिपीट होणार नाही, कंटाळा हे कारण मी ऐकून घेत नाही.

आईंना 'डाएट' हा शब्द सांगू नका हा आगाऊ सल्ला देते. 'डाएट करतोय' म्हटलं की आईला ऐकू येतं 'उपाशी राहतोय', मग ताटात न विचारता तिसरी पोळी पडते, तूप लावलेली, आणि तुम्ही नको म्हणालात की चेहरा उतरतो. त्याऐवजी काहीतरी मागा. 'आई, भाजी कालच्या दुप्पट कर ना, डब्यात पुरत नाही.' मुलगा जास्त मागतोय म्हटल्यावर कुठलीही आई खूश. दोन आठवड्यांनी तिच्याच लक्षात येतं की कणकेचा डबा लवकर रिकामा होत नाहीये.

जानेवारीतली डोकेदुखी कशाने झाली ते सांगते, कारण तेवढं टाळलं असतं तर कदाचित तुम्ही टिकला असतात. शरीरात साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात, लिव्हर आणि स्नायूंत मिळून ४००-५०० ग्रॅम, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. कार्ब्ज तोडले की साठा रिकामा होतो, पाणी सुटतं, काट्यावर पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो कमी दिसतात आणि लोक स्टेटस टाकतात. ते पाणी आहे. त्यातच इन्शुलिन उतरलं की किडनी मीठ जास्त बाहेर टाकते, मग डोकं दुखतं, पाय गळून जातात, चिडचिड होते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. तुम्ही त्या दिवसांत वर आणि 'हेल्दी' म्हणून मीठही कमी केलं होतंत. बीपी नॉर्मल असेल तर पहिले दहा-बारा दिवस दुपारी मीठ-जिरं घातलेलं ताक आणि रात्री भाज्यांचं सूप, हे औषधासारखं घ्या, बहुतेकांचं डोकं तेवढ्यावर उतरतं. आणि १२० ग्रॅमवर मुळात इतका त्रास होतच नाही. पोट साफ होत नाही ही दुसरी तक्रार, भाज्या खरंच दुप्पट केल्या असतील तर येत नाही, आलीच तर रात्री चमचाभर इसबगोल, पाणी भरपूर.

मी स्वतः एकदा तीन महिने कडक कीटो केलंय, पेशंटला सांगायच्या आधी आपण करून बघावं म्हणून. साडेसहा किलो उतरले. शेवटी शेवटी केस गळायला लागले, भाचीच्या लग्नात पंक्तीत बसून मी नुसती काकडी खात होते आणि शेजारची बाई विचारत होती की काय हो, ॲसिडिटी का. आठ महिन्यांत सहा परत आले. चूक कीटोची नव्हती, मी जिथे राहते तिथे ते बसत नव्हतं.

कॅलरीजचं गणित सुटत नाही हेही लक्षात ठेवा, लो-कार्बमध्ये जादू नाही. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या टीमने ६०९ लोकांवर वर्षभर लो-फॅट आणि लो-कार्ब असं समोरासमोर लावून बघितलं होतं, २०१८ मध्ये निकाल आला, लो-फॅटवाल्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं आणि लो-कार्बवाल्यांचं ६.०, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. लो-कार्बचा खरा फायदा एवढाच की प्रोटीन आणि भाजी वाढली की भूक शांत राहते, न मोजता कमी खाल्लं जातं, आणि तुमच्यासारखा एचबीएवनसी ६.० असेल, म्हणजे ५.७ ते ६.४ च्या प्रीडायबिटीसच्या पट्ट्यात, तर जेवणानंतर शुगर कमी उसळते. पण 'फॅट चालतं' हे ऐकून लोक कॉफीत तूप घालतात, टीव्हीसमोर शेंगदाण्याचा डबा घेऊन बसतात. शंभर ग्रॅम शेंगदाणे म्हणजे साडेपाचशेच्या वर कॅलरीज, चार-पाच फुलक्यांपेक्षा जास्त! तुपाचा एक मोठा चमचा शंभरच्या पुढे. फोडणीला तेल नेहमीएवढंच, फुलक्याला तूप लावायचं तर लावा, वाटीने नको.

उपवासाचं वेगळं सांगायला हवं का? एकादशी, दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, शंभर ग्रॅमला ८७-८८, बरोबर बटाटा, वर रताळं, रात्री वरईचा भात. तुम्ही संकष्टी करता असं लिहिलंय, तर दिवसभर दही, ताक, शेंगदाण्याची आमटी, काकडी, एखादं फळ, पनीर चालत असेल तर पनीर, आणि रात्री चंद्रोदयानंतर एक मोदक, नीट बसून. आषाढी वारीत पालखीबरोबर दिवे घाटापर्यंत चालणार असाल तर मात्र खिचडी खा, त्या दिवशी मोजू नका.

डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात ते दोन वेळा जेवणं आणि ५५ मिनिटांत संपवणं, ते म्हणजे हेच का असंही विचारलंत. नाही. तिथे भर किती वेळा खाता यावर आहे, इथे ताटात काय आहे यावर. दोन्ही एकत्र करता येतं पण पहिल्या महिन्यात एकच बदल, नाहीतर काय लागू पडलं आणि कशाने त्रास झाला तेच कळत नाही.

वजन रोज करायचं तर करा, पण आठवड्याची सरासरी लिहा, आठवड्याला अर्धा किलो उतरत असेल तर उत्तम चाललंय. त्याहून महत्त्वाची शिंप्याची टेप. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बायकांची ८०. का, तर याचं उत्तम उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन, दोघांनी स्वतःचाच फोटो आणि आकडे २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, दोघांचा एकच, २२.३, आणि अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक सरांची २१.२. तेवढ्याच वजनात आपल्या अंगावर चरबी जास्त आणि ती बसते पोटात. तुमचा बीएमआय तर ३१ च्या वर आहे, भारतीयांसाठी २५ लाच लठ्ठपणा धरतात. तेव्हा काटा पंधरा दिवस अडकला आणि कंबर एक सेंटिमीटर उतरली तर काही बिघडलेलं नाही. वेताळ टेकडीवर चालणं चालू ठेवा, पण आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला किंवा घरी बैठका-जोर काढा, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात.

सुरू करायच्या आधी रक्त तपासून घ्या, एचबीएवनसी आहेच, त्यात लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड, लिव्हर, बी-१२ घाला. तीन महिन्यांनी परत तेच. काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, या खाण्यावर वाढतं, वाढलं तर पनीर-चीज-तूप कमी करून अंडी, सोया, दाण्यांकडे वळायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं, 'लो-कार्बमध्ये एलडीएल वाढलं तरी चालतं' असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवायचा नाही.

हॉटेलात जायचं तर जा. मिसळ घ्या, पाव एक, रस्सा कितीही, फरसाण वरचं निम्मं काढून. डोशापेक्षा ऑम्लेट. मस्तानी हा विषय वर्षातून दोनदा, वाटून. अमृततुल्यात 'साखर कमी' सांगून काही होत नाही, पातेल्यात ती आधीच घातलेली असते, तिथे कटिंग घ्या आणि ५-७ ग्रॅम हिशोबात धरा. आमरसाच्या दिवसांत रस वाटीभर घ्या, बिनसाखरेचा, पुरी सोडा.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, भात आयुष्यभर बंद का. नाही हो. शनिवारी दुपारी घरी असता तेव्हा वरण-भात, लिंबू, तूप, एक मूद. त्या दिवशी पोळी नाही. मूद पाडायला आमटीची वाटी घेऊ नका, देवापुढे नैवेद्याला वापरता ती छोटी घ्या, काट्यावर ठेवून बघा, ७०-८० ग्रॅम भरते, म्हणजे वीसएक ग्रॅम कार्ब्ज. दुसरी मूद मागावीशी वाटली तर आधी भाजी संपवा, मग विचारा.